‘नको’ म्हणणारा एक जण

सलुहाला गावातलं सगळं ठाऊक असायचं आणि तिच्या तोंडून कुणाला काही कळायचं नाही. एकतीस वर्षं तिने आमच्या पोस्टाच्या खिडकीत काढली. कुणाच्या नवऱ्याचं पत्र मार्सेयहून यायचं थांबलं, कुणाचा भाऊ पॅरिसचं तळणीचं दुकान सोडून दुसरीकडे गेला, हे ती पाकिटावरच्या शिक्क्यावरून ओळखायची. पाकीट उजेडाला धरून बघायचा मोह तिला रोज व्हायचा, तसं ती कबूलही करते. पण तिने कधी धरलं नाही. बायका खिडकीशी येऊन खोदून खोदून विचारायच्या, ही ताकास तूर लागू द्यायची नाही.

निवृत्त झाल्यावर ती घरात बसून नुसती चुळबुळ करायला लागली, तेव्हा तिच्या भाच्याने, अन्वरने, तिला गावची वेबसाइट काढून दिली. अन्वर ट्युनिशियातच, स्फाक्स शहरात, कॉम्प्युटरचं काम करतो. कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, ऑलिव्हचा घाणा कधी सुरू झाला, असलं सगळं ती त्यावर लिहायची, फोटो टाकायची. निम्मं गाव परदेशात, ते वाचायचं. पण सलुहाचा खरा जीव दुसऱ्याच पानात. तिथे दिसायचं, कुठल्या शहरातून कुणीतरी साइट उघडली, किती वाजता, कुठलं पान पाहिलं. नाव नाही, फक्त शहर. म्हणजे बाईला तिचे शिक्के परत मिळाले.

“आत्या, लोकांना विचारल्याशिवाय मोजता येत नाही,” अन्वरने फोनवर सांगितलं. “मी पाटी लावतोय. दर भेटीला विचारेल, तुमची भेट मोजू का? हो किंवा नको. नको म्हणणारा तुला दिसणार नाही, असे किती झाले तेवढा आकडा दिसेल.”

“आपल्या गावचं माणूस नको म्हणेल होय रे?”

तिचं बरोबरच होतं. दारात विचारलेल्या चहाला आमच्याकडे कुणी नको म्हणत नाही, मग पोट फुटायची वेळ आली तरी चालेल. आठ महिने झाले, ‘नको’चा आकडा शून्यच होता.

त्याच सुमारास त्रापानी दिसायला लागलं. सिसिलीतलं बंदर, तिथे गावचं कुणीच नाही. दर शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, एकच भेट, आणि पान एकच: मब्रूकाच्या अंगणातल्या अंजिराच्या झाडाचा फोटो.

मब्रूकाचा मुलगा झुहैर सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून इटलीला जाणाऱ्या नावेत बसला होता. निघाल्याचा निरोप आला, मग काही नाही. बाप वारला तेव्हाही आला नाही. मब्रूका सलुहाच्या बरोबरीची, लहानपणापासूनची मैत्रीण. पोरगा आहे की समुद्राने नेला, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

तीन शुक्रवार सलुहाने कळ काढली. चौथ्या शुक्रवारी एकतीस वर्षांची सवय बाजूला ठेवून ती हे सांगायला मब्रूकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

पुढच्या शुक्रवारी मब्रूका गरम रोटी फडक्यात बांधून सलुहाकडे आली. दोघी पडद्यासमोर बसल्या. सव्वादोनला त्रापानीपुढे एक उमटला.

“हाच तो,” मब्रूका म्हणाली. तिने त्या एकावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. “लिही त्याला. फोटोखाली लिही.”

“काय लिहू?”

“झुहैर, त्रापानीतून दर शुक्रवारी बघतोस ते कळलं. फोन कर. आई.”

सलुहाने लिहिलं. मला विचाराल तर तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. खिडकीआडून बघणाऱ्याला खालून हाक मारली तर तो पडदा ओढणारच. पोस्टात हे तिला पुरतं कळत होतं, मैत्रिणीपुढे कळेना.

पुढच्या शुक्रवारी अडीच वाजले, तीन वाजले. त्रापानी नाही. रोटी फडक्यातच गार झाली.

“काय झालं असेल गं त्याला?”

सलुहाने अन्वरला फोन लावला. तो म्हणाला, “आधीच्या भेटींच्या नोंदी सर्व्हरवर पडल्यात, आत्या. खटपट केली तर कुठल्या भागातून, कुणाच्या जोडणीवरून, एवढं काढता येईल. तिथल्या कुणाला धाडून शोधताही येईल. काढू?”

मब्रूका म्हणाली, “काढ म्हण.”

सलुहाचे हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोला. एकतीस वर्षं उजेडाला न धरलेली सगळी पाकिटं तिला आठवली. तेवढ्यात तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. ‘नको’पुढे शून्य नव्हतं. एक होता.

“मब्रूका, हे बघ. आज कुणीतरी नको म्हटलंय. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तोच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही.”

मब्रूकाने त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग पदराने डोळे पुसत हसली.

“तोच. दूध पाजायला घेतलं की मान फिरवायचा, तेव्हापासूनचा नकार आहे तो. अगं, नको म्हणायला माणूस जिवंत लागतो.”

“मग अन्वरला काय सांगू?”

“राहू दे म्हणावं. लपायचंय त्याला, लपू दे. बापाच्या मातीला आला नाही, त्याची लाज वाटत असेल. शोधून काढला तर तिथूनही पळेल.” ती उठली. “ती माझी ओळ पुसून टाक. आणि उद्या घरी ये, नवा फोटो काढ. झाडाचा नको, दाराचा. दार मी उघडं ठेवते.”

याला वर्ष होऊन गेलं. सलुहा दर शुक्रवारी फोटो बदलते: उघडं दार, उंबऱ्यावरची मांजर, दोन कप. मब्रूका शेजारी बसलेली असते. फोटो चढला की सलुहा न चुकता विचारते, “आकडे बघायचे?”

“नको,” मब्रूका म्हणते आणि रोटीचं फडकं सोडते.