लोकरीचं पोतं आणि पेन्शनच्या फायली

“दाबलेलं उघडल्यावर जसंच्या तसं निघालं, तरच ते दाबलं म्हणायचं,” असं स्नेहल एकदा ऑफिसात म्हणाली, तेव्हा सगळे हसले होते. ती हे आणे या आपल्या गावी शिकली होती, पोत्यात उभी राहून.

मेंढरांच्या कातरणीच्या दिवशी लिंबाच्या फांदीला पोतं टांगायचं आणि घरातल्या हलक्या माणसानं आत उतरून लोकर तुडवायची, ही भिमाआबांच्या घरची रीत. त्यांची ही लेक शिकून पुण्यात नोकरीला लागली, तरी तुडवायचं काम तिच्याकडंच. या कातरणीलाही ती कमरेपर्यंत लोकरीत होती. मोबाईल वाजला.

“काय मॅडम, मेंढरं भादरून झाली का?” ऑफिसातला सुदर्शन. एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या मोठ्या संगणकावर, पेन्शनच्या जुन्या फायली साचल्या होत्या. त्या दाबून लहान करायचा जावा प्रोग्राम स्नेहलनं लिहिला होता. “काल सगळ्या फायलींवर बॅच जॉब झकास चालला. अन् मी एक सुधारणा केली. दाबायच्या आधी मेनफ्रेमची अक्षरं पीसीच्या अक्षरांत बदलून घेतली. आता नावं कुठंही वाचता येतात.”

तिचे पाय थांबले. “आणि रकमा?”

“त्यांचं काय?”

“त्या अक्षरांत नसतात रे! दोन-दोन आकडे एकेका अक्षराच्या जागेत कोंबलेले असतात. अक्षरं समजून त्या बदलल्यास तर गेल्याच. उघडून बघितल्यास?”

“नावं बघितली.” मग जरा खालच्या आवाजात, “एरर नाय आली राव.”

“मूळ फायली आहेत ना?”

“उद्या सकाळी उडवणार. साहेबांना डिस्क मोकळी पाहिजे.”

“थांबव त्यांना.”

“नावं बघून खूश झालेत ते. बिघडलेली रक्कम डोळ्यांपुढं ठेवल्याशिवाय ऐकायचे नाहीत. अन् मी लोणी गावात आहे, बहिणीचा साखरपुडा.”

फोन बंद झाला. मूळ फायली गेल्या, की कुणाला किती पेन्शन हे सांगणारं जगात काही उरणार नव्हतं. आणि प्रोग्रामवर नाव तिचं होतं.

“तुडव की गं,” आई, हिराबाई, खालून ओरडली. “अर्धं पोतं बी भरलं न्हाई!”

“आता ती कशाची थांबतीय,” आबा कातर न थांबवता म्हणाले.

“मग तुमी उतरा आत! फांदी मोडली की समदेच मोकळे.”

स्नेहल पोत्याच्या काठाला धरून वर आली, खाली उतरली. सलवारीला चिकटलेली लोकर तिनं झटकलीसुद्धा नाही. ओसरीवरची पिशवी खांद्याला लावली आणि साहेबांना बिघडलेली रक्कम दाखवायला, पुण्याची एसटी धरण्यासाठी आळेफाट्याच्या रस्त्याला लागली.