शिक्रा उपाशी ठेवताना

त्या वर्षी आमच्या घरात मटण दोघांसाठीच येई, नवऱ्यासाठी आणि शिक्र्यासाठी, आणि त्यातले चांगले तुकडे शिक्र्याला जात. नवरा कुरकुरला की आबा म्हणत, "तू कमावता हायस, बाहेर खा."

आबा म्हणजे माझे सासरे. वालचंदनगरला कारखान्यात टर्नर म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेले. नवरा तिथंच नोकरीला लागल्यामुळे आम्ही क्वार्टरमध्येच राहत होतो. क्वार्टरमागच्या कडुनिंबावर शिक्र्याचं, म्हणजे ससाण्यासारख्या छोट्या शिकारी पाखराचं, घरटं होतं. मे महिन्यातल्या एका वावटळीत ते खाली आलं. तीन पिल्लांतलं एक जगलं. आबांनी ते टोपीत घालून आणलं आणि माझ्या पिठाच्या परातीत ठेवलं. लग्नाला दोन वर्षं होऊनही तोवर आबा माझ्याशी फारसं बोलत नसत. त्या दिवशी मी परातीवरून बोलले, आणि मग आमचं बोलणं कधी थांबलंच नाही.

आबांचे एक जुने स्नेही सुप्याला राहत. निवृत्त वनरक्षक. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा सरदाराची शिकारी पाखरं सांभाळलेली, त्यामुळे ती विद्या त्यांच्या घरातली. आबांनी निरोप धाडला तसे ते एसटीनं आले, पिल्लू उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मादी हाय. पन आबा, ही पाळता यायची न्हाय, कायद्यात बसत न्हाय. हापिसात मी कळवतो. दिवाळीपातुर शिकार शिकली तर सोडून द्यायची. न्हाय शिकली तर पुण्याला पिंजऱ्यात जाईल, जल्मभर."

आबा म्हणाले, "शिकंल की. न शिकायला काय झालं?"

शिकवायची रीत तात्यांनी सांगितली. पायांत मऊ चामड्याच्या वाद्या, एका पायाला बारीक घुंगरू. आधी तिला हातावर घेऊन माणसांत हिंडायचं, म्हणजे ती बुजायची थांबते. मग तुकडा दाखवून हातावर उडी मारायला लावायची, मग लांब दोरी बांधून उडवायची, मग दोरी सोडून, आणि शेवटी रानात. हातमोजा म्हणून आबांनी वेल्डिंगचा जुना मोजा काढला. रोज संध्याकाळी ते तिला हातावर घेऊन कॉलनीतून असे चालत, की वाटावं यांनाच कुणी तरी हातावर घेतलंय.

घोडं अडलं ते पुढं. "पाखरू मायेनं हातावर येत न्हाय," तात्या म्हणाले होते, "भुकंनं येतं. पोट भरलेलं असलं की तुमी कोन आन ती कोन." म्हणून तिला रोज तोलायचं आणि भूक राहील इतकंच खायला द्यायचं. तोलायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी जवळच्याच एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते आणि काट्यावर माझा नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास होता. बारामतीहून मी सोनाराकडं असतो तसला छोटा काटा आणला. एकशे साठ ग्रॅमच्या आसपास आली की तिला उडवायचं, असं ठरलं.

पण ती उडेचना. तुकडा दाखवला की मान वाकडी करून बघायची आणि पिसं साफ करत बसायची. काटा म्हणे एकशे अठ्ठ्याहत्तर. मी खायला कमी केलं, तर दुसऱ्या दिवशी एकशे ऐंशी. मला वाटलं काटा बिघडला. लॅबमधली वजनं घरी आणून मी काटा तपासला. काटा चोख होता.

तिसऱ्या दिवशी मी पहाटेच उठले. फ्रिजचं दार उघडं, आबा खाली बसलेले, हातात वाटी, वाटीत काळजाचे बारीक कापलेले तुकडे. शेजारी आमच्या शिक्रा मॅडम डोळे अर्धे मिटून बसलेल्या. मी काही विचारायच्या आधीच आबा म्हणाले, "मी कायबी दिलं न्हाय तिला." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बोटं रक्तानं माखलेली होती.

माझा स्वभाव तापट. सासऱ्यांसमोर आवाज चढवू नये हे मला माहीत होतं आणि तरीही मी चढवला. "आबा, तुमच्या मायेनं ती पिंजऱ्यात जाणार आहे. लिहून घ्या."

आबांनी वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशा सहज आवाजात त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावी, वरकुट्याच्या शाळेत ते उपाशीपोटी बसत. मास्तर पाढे म्हणून घ्यायचे आणि यांना फळ्यावरच्या आकड्यांच्या जागी भाकरी दिसायची. "चौथीत दोनदा नापास झालो. ढ म्हनायचे मला. मी ढ नव्हतो गं पोरी, मी उपाशी होतो. उपाशी ठिवून कुनाला शिकवायचं, हे माझ्या डोक्यात बसत न्हाय."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून काटा खाली येत नव्हता, म्हणून मी तेही सांगितलं. ती माणूस नाही आबा, म्हटलं. तिला भूक नसेल तर ती काहीच शिकणार नाही. ते बराच वेळ भाकरी फुगताना बघत बसले. मग उठले, फ्रिजला लावायची किल्ली शोधून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. "ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. माझा भरवसा न्हाय."

तेव्हापासून मी कैदाशीण झाले. मी तोलणार, मी कापणार, मी नाही म्हणणार. तिची भुकेची ओरड सुरू झाली की आबा चपला घालून वाचनालयात जात आणि वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून येत. आल्याआल्या विचारत, "दिलं का गं?" मीही काही दगडाची नव्हते. लॅबमध्ये आकडे लिहिताना तिची ओरड कानात घुमायची. पण आठवड्याभरात ती एकशे बासष्टला आली आणि त्या संध्याकाळी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर उडत आली, थेट आबांच्या मोज्यावर. आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पुढं नातू झाला तेव्हाही ते इतके खूश नव्हते, आणि हे मी नवऱ्याला कधी सांगितलेलं नाही.

आबा रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणत, पंचशील म्हणत. स्वतः मांस कधीचं सोडलेलं. शेजारच्या क्वार्टरमधले जोशीकाका... नाव नको, शेजारचे एक काका म्हणू, आबांना चिडवायचे. "काय आबा, आधी जीवहत्या शिकवायची आणि मग शील घ्यायचं?" आबा शांतपणे म्हणत, "दीक्षा मी घेतलीय. तिनं न्हाय."

दिवाळी आठ दिवसांवर आली तरी शिकार मात्र होईना. दोरी सुटली होती, हाक मारली की ती यायची, पण समोरून पाखरू उडालं तर आमच्याकडं बघायची, जसं काही ते आम्हीच पकडून तुकडे करून देणार होतो. तात्या आले आणि म्हणाले, आता शेवटचं बघू. आम्ही वरकुट्याला आबांच्या भावाच्या रानात गेलो. बाजरी निघालेली, शेजारी तूर उभी. सकाळी काटा एकशे छप्पन्न. आबांनी आकडा विचारला नाही, मीही सांगितला नाही.

तात्या काठीनं धसकटं हलवत पुढं, आबा तिला हातावर घेऊन मागं. पहिला लावा पक्षी उडाला, ती हललीच नाही. दुसऱ्याला झेपावली आणि अर्ध्यातून परत आली. तात्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी मनातल्या मनात पुण्याचा पिंजरा पाहिला. तिसरा लावा आबांच्या पायाजवळूनच फुर्रकन उठला आणि हात रिकामा झाला. तुरीत घुंगरू एकदा वाजलं आणि थांबलं.

बांधाच्या कडेला ती सापडली. पायाखाली लावा. आबा नेहमीसारखी शीळ घालत, मोजा पुढं करत गेले, तशी तिनं दोन्ही पंख पसरून शिकार झाकली, पाठ फिरवली आणि चोच वासून त्यांच्यावर ओरडली.

"तुमाला चोर समजतीय, आबा," तात्या हसले. "झालं काम. जरा खाऊ द्या, मग मी वाद्या कापतो."

"मीच कापनार," आबा म्हणाले. ती थोडं खाईपर्यंत ते मातीत बसून राहिले. मग मोजा काढून ठेवला, कारण जाड मोज्यात बारीक कात्री धरता येत नव्हती, आणि पुढं सरकले. पहिली वादी तुटली. दुसरीला तिनं त्यांच्या अंगठ्यात नख्या रुतवल्या. त्यांनी हात मागं घेतला नाही. वादी कापली, घुंगरू काढलं, मग तिनं आपणहून पंजा सोडवला आणि उरलेला लावा घेऊन ती बाभळीवर गेली. आमच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

चुलत सासऱ्यांच्या ओसरीवर मी आबांच्या अंगठ्याला हळद लावायला बसले. जखम खोल होती. मला रागही येत होता, तिचा. पाच महिने ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांनाच असं करायचं? मी तसं बोलूनही दाखवलं.

आबा म्हणाले, "न्हाय गं. आज तिनं मला हाकललं. स्वताचं मिळालं की हाकलता येतं. उपाशी असताना आपन कुनालाच हाकलत न्हाय, जो तुकडा दाखवंल त्याच्या हातावर जाऊन बसतो."

एवढं बोलून ते रडायला लागले. मी हळदीची वाटी खाली ठेवली आणि त्यांचा हात तसाच धरून बसले.