गलबताचे डोळे

लामू बेटावरच्या मातोंडोनी गावातला फमाऊ म्हातारा जन्मभर गलबतांना डोळे करत आला. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना लाकडाची एकेक वाटोळी चकती, पांढरी, मधे काळंभोर बुबुळ. आंधळ्या गलबतावर आमच्याकडं कुणी पाय ठेवत नाही. लामू शहरातले शेठ त्याला दारं कोरायला बोलवायचे. हा जायचा नाही. म्हणायचा, "दार कुठं जातंय पळून? डोळा चुकला तर माणसं जातात."

आणि तोच चुकला. त्या वर्षी चांगलं लाकूड मिळेना. जावई शेकुवेचं नवं गलबत डोळ्यांवाचून अडलेलं. आदल्या मोसमात एक गलबत खडकावर फुटलं, माणसं गेली, एकाचंही मढं आलं नाही. किनाऱ्याला लागले ते फक्त त्या गलबताचे डोळे, फमाऊनंच कोरलेले. घासून, रंगवून त्यानं तेच जावयाच्या नाळेवर ठोकले.

सकाळी शिंपले वेचायला गेलेल्या बाया थबकल्या. नांगरावरची सगळी गलबतं चढत्या भरतीकडं तोंड करून होती. शेकुवेचं एकटं आडवं, दोर ताणून, त्या खडकाकडं बघत.

"वारा असंल," शेकुवे म्हणाला.

"वारा काय तुझ्या एकट्याच्याच घरचा, मेल्या?" म्वानाकोंबो कडाडली. तिचा नवरा त्या फुटलेल्या गलबताचा तांडेल.

फमाऊची लेक सोमोए बापाचा हात धरून रडायला लागली. "बाबा, काढा ते! ते ह्यांना तिकडंच नेतील."

"अगो, आज निघायचंय!" शेकुवे सासऱ्याकडं वळला. "मामा, आंधळं गलबत बघून लोक हसतील."

"हसू देत. रडण्यापरीस बरं," फमाऊ म्हणाला.

फमाऊनं होडीतून जाऊन पटाशीनं दोन्ही डोळे उचकटले. गलबत हळूच वळलं, इतरांसारखं भरतीकडं तोंड करून राहिलं. शेकुवेनं शीड उलगडलं नाही.

डोळे जाळायचा कुणाला धीर होईना. फमाऊ म्हणाला, "त्या माणसांचं एवढंच परत आलंय. माती देऊ."

खणलेल्या खड्ड्यात पांढऱ्या कापडावर डोळे ठेवून तो चकत्या मक्केच्या दिशेनं वळवत होता, तोच म्वानाकोंबो पुढं आली.

"मिटलेस का रे? तसेच उघडे पुरशील?"

फमाऊनं चकत्यांवर चुना फासला. बुबुळं वर आली. पुन्हा फासला, पुन्हा वर आली. तेव्हा म्वानाकोंबो खड्ड्यात उतरली, दोन्ही चकत्यांवर तळवे ठेवले आणि नवऱ्याला निजवावं तसं पुटपुटत बसली. उन्हं कलली. तिनं हात उचलले तेव्हा चकत्या नुसत्या पांढऱ्या होत्या.

मग माती लोटली. फमाऊ कुऱ्हाड घेऊन नव्या डोळ्यांसाठी लाकूड शोधायला निघाला. शेकुवे करवत उचलून त्याच्यामागं गेला.