वरच्या खोलीतली सायकल

फेब्रुवारीतला पहिला शनिवार, सकाळ. ठिकाण: श्रीलंकेच्या डोंगरांतलं एक घर, जिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढलेल्या आहेत. हजर: मी, माझा नवरा आणि त्याची थोरली बहीण. माझ्या या नणंदबाईंना आम्ही दोघंही ताईच म्हणतो. शिवाय भाड्याच्या तीन सायकली आणि सामानाची व्हॅन चालवणारा एक अबोल माणूस.

कुठेही गेले की आधी अशी हजेरी लिहायची मला सवय आहे. त्या सकाळी मात्र ती घेणं अवघड होतं, कारण ढग अंगणात उतरला होता. ताई फाटकापाशी उभ्या होत्या, पण कमरेखाली दिसतच नव्हत्या. नवरा कुठूनतरी खोकत होता, त्यावरून तो हजर धरला. व्हॅनचे दिवे दोन पिवळ्या फुलांसारखे हवेत लटकले होते.

या सहलीत एक गोष्ट ठरायची होती. ताईंचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. उमरेडच्या घरी आता त्या एकट्याच असतात. पुढच्या खोलीत मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करून देतात. आम्ही नागपुरातल्या आमच्या हुडकेश्वरच्या घरावर त्यांच्यासाठी एक खोली चढवली. पूर्वेला खिडकी, मशीनसाठी वेगळा स्विच, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. सगळं मी उभी राहून करून घेतलं. राहायला कधी येता, एवढंच ठरायचं उरलं होतं. विचारलं की ताई म्हणायच्या, "पाहू ना वं." निघायच्या आदल्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तिकडं डोंगरावर सांगीन तुले. इथं तुह्या घरात बसून मले हो बी म्हणता येत नाही अन् नाही बी."

तयारी मी नीट केली होती. आमचं नागपूर सपाट. चढ म्हटला तर उड्डाणपूल. हिवाळाभर ताई शनिवारी मुक्कामाला आल्या की रविवारी पहाटे आम्ही तिघं सायकली घेऊन पुलावर जायचो. वर चढायचं, पलीकडे उतरायचं, वळून पुन्हा चढायचं. उतरताना विश्रांती घ्यायची. उताराचाही सराव लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. उन्हाची तयारी तर फारच चोख होती. साखर-मिठाच्या पुड्या, टोप्या, आणि लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा. तिथे पोचल्यावर कळलं की त्या बेटावर ऊब आहे, लू नाही. भाताच्या भांड्यावरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी ओलसर, मऊ ऊब. आमचे कांदे घरमालकिणीने हसतहसत रस्सा करायला घेतले.

त्या शनिवारी चढ सकाळीच सुरू झाला. रस्ता वळायचा, पुन्हा वळायचा आणि मघाचंच वळण परत आल्यासारखं वाटायचं. दोन्ही बाजूंना चहाची झुडपं ढगातून बाहेर यायची, आपण पाहिलं की परत आत जायची. खाली खूप खोल कुठेतरी आगगाडीने शिटी दिली. ती दरीतून फिरतफिरत वर आली आणि आमच्या शेजारून निघून गेली. पुढे पुढे आपण चढतो आहोत हेही कळेनासं झालं. फक्त श्वास, आणि रबराखाली ओला रस्ता.

मध्येच नवरा थांबला. म्हणाला, "ताई, माझ्या सायकलला जरा बरं वाटत नाहीये."

"सायकलले की तुले?"

"दोघांनाही."

त्याने सायकल व्हॅनमध्ये चढवली आणि स्वतः शेजारी जाऊन बसला. आम्ही दोघी कधी पायडल मारत, कधी सायकल हातात धरून चालत वर गेलो. ताई पुढे, मी मागे. उत्तर आता देतील, या वळणावर देतील, असं मला सारखं वाटत होतं.

चढ संपला तो दिसला नाही. पायांवरचा भार एकाएकी गेला, म्हणून कळला. ताईंनी थांबून ओढणी पुन्हा बांधली. आपल्याकडे पोरी उन्हात बांधतात तशी, नुसते डोळे उघडे ठेवून, आणि त्यावर हेल्मेट. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकल पुढे ढकलली आणि गेल्या.

उतार मला मुळीच जमेना. दोन्ही ब्रेक आवळून मी घसरत होते. बोटं आखडली. समोर पांढऱ्या ढगात ताईंच्या ओढणीचं लाल टोक एकदा दिसलं, मग तेही गेलं. मी ओरडले, "ताई, ब्रेक दाबा! ताई, हळू!" आली ती फक्त त्यांच्या मागच्या चाकाची टिकटिक, न थांबता, न अडखळता. मी त्या आवाजामागे जात राहिले. एका सरळ तुकड्यावर माझीही बोटं आपोआप सैल झाली. तेवढा वेळ रस्ता नव्हता, दरी नव्हती, वजन नव्हतं. गालांवर थंड ओल होती आणि पुढे कुठेतरी कुणीतरी मला न सांगता मला वाट दाखवत होतं. मग वळण आलं आणि मी पुन्हा ब्रेक आवळला.

ढग संपला. खाली हिरवी, उबदार दरी उघडली. एका छोट्या पुलाच्या कठड्यावर ताई बसल्या होत्या. हातात तिकडचं नारिंगी शहाळं, शेजारी माझ्यासाठी आणखी एक. ओढणी गळ्यात आली होती आणि केस चिकटून चेहरा एखाद्या शाळकरी मुलीचा झाला होता.

"किती उशीर वं!"

व्हॅन येऊन थांबली. नवरा उतरला तो घाबरलेलाच. "ताई, अशी उतरायला कुठे शिकलीस तू?"

"खाणीच्या ढिगाऱ्यावर." माझे सासरे उमरेडच्या कोळसा खाणीत कारकून होते. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर गावाबाहेर रचलेले असायचे. "बाबांची सायकल न्यायची वर ढकलत. ब्रेक कुठले तिले!"

"मला कसं माहीत नाही?"

"काहून माहीत नाही? तूच तर होता डबलसीट. कॅरिअरवर बसून भोंगा काढे, अन् खाली आलं की म्हणे, ताई, अजून एक डाव."

नवऱ्याला काही आठवेना. पण तो इतका हसला की त्याच्या हातातलं माझं शहाळं सांडलं. हसणं ओसरल्यावर ताई माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, मी नाही येत हुडकेश्वरले."

मी विचारलं, "खोलीत काही कमी आहे का?"

"कमी असती त आली असती. ठीकठाक करायले तरी काही राहिलं असतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उतारावर तू माह्या मागं केवढी ओरडून राहिली होती. चांगल्यासाठीच ओरडत होती, मले समजते. पण घरी बी तू अशीच ओरडशील. जिन्यावर, मशीनवर, जेवताना."

"ओरडेन," मी म्हणाले. खोटं कशाला बोला?

"ओरडेलच ना. तं मी येत जाईन दोन-चार दिवस. ओरडून घेत जा तेवढ्यात. मले फक्त ती सरावाची सायकल पाठवून दे घरी. बाकी काही नको."

आम्ही तिघं बराच वेळ त्या कठड्यावर बसून होतो. ज्या ढगातून आलो तो वर डोंगरावर तसाच टेकलेला होता. आत रस्ता आहे असं बाहेरून वाटतही नव्हतं.

परतल्यावर ताई उमरेडच्या बसमध्ये बसल्या. त्यांच्या सरावाची सायकल आमच्याच पोर्चमध्ये होती. ती उन्हातान्हात राहू नये म्हणून मी वरच्या खोलीत नेली. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिच्या हँडलवर ऊन येतं. बसने ती पाठवता येईल का, हे मी स्टँडवर विचारून ठेवलं आहे. येईल म्हणाले. नवराही चालवत नेईन म्हणतो, वाटेत कुठेही चढ नाही.

परवा ताईंचा फोन आला. "माही सायकल पायी येऊन राहिली का वं?"

या रविवारी पाठवते म्हणाले. रविवारी जिना चढले, दोन्ही चाकांत हवा भरली, चेनला तेल दिलं. मागचं चाक उचलून हाताने फिरवलं आणि टिकटिक थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. सहलीची बाकी सगळी कामं उरकली आहेत: फोटो छापून आणले, टोप्या धुतल्या, घरमालकिणीला भिवापुरी मिरची धाडली. ताईंची सायकल उमरेडला पोचवायची तेवढी राहिली आहे.