आंबोलीचा फोटो अर्ध्यातच का थांबतो

"मॅडम, परत अडकलं. एकसष्ट टक्क्यांवर."

आंबोलीहून वैशाली सिस्टरचा हा त्या दिवसातला तिसरा फोन. आदल्या खेपेला चाळीसवर अडकलं होतं, त्याच्या आधी पंचाहत्तरवर. नेहमी एकाच आकड्यावर अडकलं असतं तर मला निदान शोधायला जागा मिळाली असती.

मी कणकवलीच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. आमच्या भागात एक संस्था गावोगावी दवाखाने चालवते. त्यांच्या नर्स आणि डॉक्टरांसाठी आम्ही चॅटचं अॅप केलं होतं. सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप. तिथे कोणीतरी चुकून एका मुलीचा रिपोर्ट टाकला. वीसजणांनी तो वाचला आणि पंधरा दिवसांत तिचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं. मग संस्थेने सांगितलं, दोघांपुरतं प्रायव्हेट चॅट द्या आणि फोटो तुमच्या सर्व्हरवर राहता कामा नये.

सर्व्हर म्हणजे मधला कॉम्प्युटर. एरवी फोटो आधी तिथे जातो, मग पुढच्या माणसाकडे. आता तो या फोनमधून थेट त्या फोनमध्ये जायला हवा होता. एसटीच्या पार्सलात डबा टाकण्याऐवजी स्वतः नेऊन हातात द्यायचा, तसं. फक्त डबा हातात पडेपर्यंत दोन्ही फोनचं इंटरनेट चालू राहायला हवं. मी महिनाभर खपून ते केलं. ऑफिसात शंभरदा चाललं.

आंबोलीत चालेना. आणि तिथे आबा गावडे होते.

आबांना साखरेचा जुना आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. कणकवलीचे डॉक्टर म्हणाले होते, "रोज मोठा, स्पष्ट फोटो पाठवा. कड काळी पडायला लागली तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे, नाहीतर अंगठा काढावा लागेल." तसल्या पायाने रोज एसटी बदलत घाट उतरणं आबांना शक्य नव्हतं. फोटो छोटा करून पाठवला तर कडेचा रंग नीट कळत नसे. मोठ्या फोटोला आंबोलीच्या रेंजवर तीनेक मिनिटं लागत.

सोमवारी फोटो गेला नाही. मंगळवारी सिस्टरच्या एका सिमला दिवसभर रेंज नव्हती, त्या दिवशी मात्र पहिल्याच फटक्यात गेला! बुधवारी रेंज फुल, आणि फोटो परत अर्ध्यात. माझं डोकंच चालेना.

"आंबोलीचा पाऊस," आमचे बॉस नाईकसर म्हणाले. "रेंज जाते. सांग त्यांना तसं."

"सर, रेंज नव्हती तेव्हाच गेला."

"मग तुझ्या कोडमध्ये आहे."

मी लॉग उघडले. लॉग म्हणजे अॅप स्वतःच लिहून ठेवतं ती डायरी. त्यात एवढंच: कनेक्शन तुटलं. अहो, ते मलाही दिसतंय, का तुटलं ते सांग की! फोटोची फाईल तुकड्यातुकड्यांनी जाते; ते तुकडे लहान केले. काही फरक नाही. सिस्टरना विचारलं, "फोटो जात असताना तुम्ही फोनवर दुसरं काही करता का?"

"छे हो. हातसुद्धा लावत नाही."

गुरुवारीही तेच. शेवटी मी म्हटलं, एवढा एक फोटो सर्व्हरवरून जाऊ दे. संस्था चालवणाऱ्या बाई ठाम. "नाही. त्या मुलीच्या घरी मी स्वतः जाऊन माफी मागून आलेय." मग सिस्टर फोनवर डॉक्टरांना वर्णन सांगू लागल्या, कड थोडी काळसर वाटते म्हणून. काळसर म्हणजे किती, ते कसं सांगणार? दोन दिवस डॉक्टरांनी तो पाय बघितलाच नव्हता. मला जेवण जाईना.

शुक्रवारी सकाळी मी आंबोलीची वाट धरली. दवाखान्यात आबा बाकड्यावर पाय पसरून बसलेले. सिस्टरनी फोटो काढला, सेंड दाबलं. टक्के सरकू लागले. दहा, वीस, पस्तीस. सिस्टरनी सरळ तोच फोन उचलला आणि नंबर लावून कानाला धरला.

"डॉक्टर, नमस्कार. फोटो पाठवलाय हां. बघा."

बेचाळीसवर थांबलं.

मी थांबलेल्या टक्क्यांकडे बोट दाखवलं. "सिस्टर, हे काय केलंत?"

"काय केलंय?"

"फोन केलात!"

"अगो, काय धाडला तर सांगूक नको? न सांगता कसा धाडूचा? ते मोठे डॉक्टर!" सिस्टर मालवणीवर आल्या.

"मी विचारलं होतं ना, दुसरं काही करता का म्हणून?"

"ह्या दुसरा खंय? ह्या धाडण्यातलाच."

त्यांच्या फोनमध्ये दोन सिम. एकावर इंटरनेट, दुसरं बोलायला. त्यांच्यासारख्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचा डेटा थांबतो. मंगळवारी रेंज गेली होती ती बोलायच्या सिमची, म्हणून फोटो निर्विघ्न पोचला. आणि तुटलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागेल, असं कोडमध्ये मीच लिहून ठेवलं होतं. ऑफिसात मी दोन्ही फोन एकाच टेबलावर ठेवून टेस्ट करायचे. फोन करून सांगणार कोणाला?

"परत पाठवा," मी म्हटलं. "आणि पोचेपर्यंत फोन कानाला लावायचा नाही."

ती तीन मिनिटं सिस्टरनी कशी काढली त्यांनाच ठाऊक. फोटो पोचला. लगेच डॉक्टरांचाच फोन आला. "आत्ताच्या आत्ता खाली आणा."

शेजाऱ्याच्या गाडीतून आबांना उतरवलं. पाय वाचला. अंगठा गेला. "बुधवारी बघायला मिळालं असतं तर कदाचित तोही राहिला असता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. मला मात्र ते अजून टोचतं.

नंतर मी कोड बदलला. आता फाईल तुटली तर तिथूनच पुढे जाते आणि पोचली की समोरचा फोन आपोआप वाजतो. तरी सिस्टर फोन करतातच.

आबांना भेटायला वॉर्डात गेले तेव्हा मला रडू आलं. म्हटलं, माझ्यामुळे झालं.

"गप गो चेडवा," आबा म्हणाले. "नव बोटां आसत अजून. पुढच्या बोटाक येळेर ये."

तेव्हापासून कुठे काही अडकलं की लॉग मी नंतर उघडते. आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसते, पहिल्याच दिवशी.