उपदेशकाचे वाजणारे कान

ती केस इतक्या वर्षांनीही डोक्यातून जात नाही. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि मी देवरीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हिवतापाचे दिवस. पंधरा घरांच्या ख्रिस्ती वस्तीतली एक म्हातारी भर दुपारी आली आणि बाकावर न बसता थेट माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"साहेब, नवा उपदेशक माह्या पोराले मारून राहिला."

हा उपदेशक बाहेरून आलेला. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं तो सांगत असे. तिच्या तरण्या मुलानं ते ऐकून कुनैनच्या गोळ्या चुलीत टाकल्या होत्या. आता पोरगा खाटेवरून उठत नव्हता.

मी म्हणालो, "बाई, कोणाची शिकवण खरी, हे ठाण्यात ठरत नाही. गुन्हा काय झाला ते सांग."

"शिकवणीचं मी पाहून घेतो," ती म्हणाली. तिकडच्या बायका असंच 'घेतो' म्हणतात. "तो लबाड हाये. त्याचे कान वाजून राहिले."

मला हसू आलं. ती भडकली.

"हासता काऊन? कुनैन खाल्ली का कान वाजते. माहे वाजत होते. हळू बोललं का तो दोनदा इचारते. आमाले खाऊ नका म्हणते न् सोता खाते!"

बाप रे! ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. डायरीत नोंद केली आणि शिपाई पाठवून त्याला चौकशीला आणवलं.

माणूस मोठा गोडबोल्या. प्रत्येक प्रश्नाला शास्त्रवचन तयार. मी कागद चाळत मुद्दाम पुटपुटलो, "तापावर काय घेता?"

"जी? जरा जोर से, साहब."

पुन्हा पुटपुटलो. पुन्हा "जी?"

पंच बोलावून पिशवीची झडती घेतली. धर्मग्रंथाखाली फडक्यात बांधलेल्या कुनैनच्या गोळ्या निघाल्या. गडी घामाघूम झाला.

"बुखार से डर लगता है, साहब."

"फिर लोगों को क्यों रोका?"

"दवा से ठीक होते, तो मेरे पास कौन आता?"

असा संताप आला! मी त्याला कोठडीत टाकायला सांगितलं, तर म्हातारीच आडवी आली.

"थांबा. पोरगा माहं आयकत नाही, डाक्टरचं आयकत नाही. याचंच आयकते. आधी यालेच सांगू द्या."

त्याला वस्तीवर नेलं. त्यानं गोळ्या पुढे धरल्या. "मैं खाता हूँ, बेटा. पहले दिन से." पोरानं त्याच्याकडे बघितलं आणि आईपुढे हात पसरला.

"दे वो माय."

पोरगा वाचला. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि शाबासकी मला मिळाली, हे सांगायलाही लाज वाटते. त्या माणसाला मी आत टाकू शकत होतो, पण पोराच्या मनातून बाहेर काढणं माझ्या हातात नव्हतं. ते ज्यांची श्रद्धा असते त्यांनाच करावं लागतं.

बदली झाली तेव्हा म्हातारीला विचारलं, "आणखी कोणी उपदेशक आले का?"

"आले न. मी दारातच इचारतो, ताप आला तं तुमी सोता काय घेता? रागावला तं वापस धाडतो."

"आणि नाही रागावला तर?"

"तं चहा पाजतो न् पुन्हा इचारतो."