अहवालातली टाकी

हिंदी मुलखातल्या आमच्या विद्यापीठात दर वर्षी एक छोटा हरित निधी असे. विद्यार्थ्यांनी परिसरासाठी काही सुचवायचं, समितीने त्यातलं एखादं निवडायचं आणि पैसे द्यायचे. मी एम.एस्सी.ला होते आणि शहराच्या टोकाला असलेल्या मिसरोदहून रोज ये-जा करायचे. मुलींच्या वसतिगृहात मैत्रिणीच्या खोलीवर डबा खाताना मला ते पाणी दिसलं. पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून एक बारीक नळी निघायची आणि तिचं खारट पाणी दिवसभर मोरीत वाहत राहायचं. शेजारूनच सफाईचं काम करणाऱ्या अम्मा फरशी पुसायला खालून बादल्या भरून आणायच्या. उन्हाळ्यात वरच्या नळांना पाणीच येत नसे.

मी भंगारातून एक निळं पिंप आणलं आणि ती नळी त्यात सोडली. दुपारपर्यंत पिंप भरलं. अम्मा त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बेटा, ऐसा हर मंज़िल पे हो जाए तो मेरे घुटने बच जाएँ।"

समितीच्या अध्यक्ष आमच्या विभागाच्याच मॅडम होत्या, माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकही त्याच. मूळच्या नागपूरच्या, आमच्यासारख्याच. तीन रविवार त्यांनी मला अरेरा कॉलनीतल्या घरी बोलावलं. वसतिगृहांच्या प्रत्येक मजल्यावर अशी टाकी बसवायचा माझा प्रस्ताव ओळ न् ओळ तपासला, वर गरम पोहे खाऊ घातले. "पिंपाचे फोटोही जोड. लोकांना डोळ्यांनी दिसलं की पटतं," म्हणाल्या. माझ्या आईनेसुद्धा माझं लिहिलेलं कधी इतक्या मायेने वाचलं नव्हतं.

बैठकीत माझी पाळी आली. मी बोलले. मग मॅडम इतर सदस्यांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "प्रस्ताव अभी कच्चा है।" निधी मुख्य दाराजवळच्या हिरव्या भिंतीला गेला. प्लास्टिकच्या कुंड्यांची ती भिंत विद्यापीठाचा दर्जा ठरवायला येणाऱ्या तपासणी पथकाला आत शिरताच दिसणार होती.

बाहेर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, सगळं माझ्या हातात नसतं. पुढच्या वर्षी नक्की. फाईल आणि फोटो माझ्याकडेच राहू देत."

मी दिले. खरं सांगायचं तर मला त्यांचीच कीव आली होती.

अम्मांना मी सांगितलं, "अगले साल।" त्यांनी मान हलवली आणि बादली उचलली.

काही महिन्यांनी पथक आलं. विभागात आम्हाला रांगेत उभं केलं होतं. पथकातल्या एका वयस्कर गृहस्थांच्या हातात विद्यापीठाचा छापील अहवाल होता. एका पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ये पानी वाला प्रोजेक्ट किसका है?"

पानावर माझं पिंप होतं. शेजारी मी, ओढणी कमरेला खोचलेली. खाली माझं नाव, आणि मजकूर असा की सर्व वसतिगृहांत ही योजना हरित निधीतून पूर्ण झाली आहे.

मॅडमनी मला हाताला धरून पुढे केलं. "इसी का है, सर।"

त्यांचा हात अजून माझ्या मनगटावर होता. मी म्हणाले, "सर, एक ही ड्रम है। वो भी मैंने कबाड़ी से लिया था। निधी से कुछ नहीं मिला।"

मॅडम हसल्या. अगदी प्रेमाने हसल्या. "बच्ची घबरा गई है, सर। पहली बार इतने लोगों के सामने बोल रही है।"

गृहस्थही हसले. "घबराओ मत बेटा, अच्छा काम है," म्हणाले आणि पान उलटलं.

संध्याकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. वाटलं, निदान ओशाळतील. त्या कपाट लावत होत्या.

"तुझं नाव घातलं मी त्यात," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर स्वतःचं घातलं असतं. आणि तू परक्यांसमोर माझी मान खाली करायला निघालीस?"

"पण मॅडम, टाक्या बसल्याच नाहीत."

"बसतील गं कधीतरी."

त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं. रागावायला आलेली मी त्यांची माफी मागून बाहेर पडले. त्या माफीची लाज मला आजही वाटते.

समितीला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरे मार्गदर्शक घेऊन प्रबंध पूर्ण केला. मे महिन्यात दारातली भिंत वाळली, तेव्हा तिच्यावर पडदा टाकला गेला. दरम्यान वसतिगृहात कुणीतरी पिंप अडचण होते म्हणून फेकून दिलं. अम्मांनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच वर्षी गणपतीत मराठी मंडळाच्या आरतीला मॅडम भेटल्या. आईचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "मुलगी फार गुणी आहे हो तुमची. जरा भाबडी आहे, इतकंच." आई हरखून गेली.

घरी जाताना ऑटोत मी आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मिसरोदच्या वळणावर तिने विचारलं, "पण पुस्तकात नाव तर तुझंच छापलंय ना?"

मी हो म्हणाले.

"मग त्याची एक प्रत मागून आण," ती म्हणाली. "बाबांना दाखवू."